पट्ट्यांचं समान वाटप

आमच्या घरात भांडण झालं की ते छापलं जायचं. मालेच्या अलीकडे पौड रस्ता सोडून आत वळलं की भाताच्या खाचरांच्या कडेला आमचं घर होतं. त्याच्या पडवीत आप्पांचं पायानं चालणारं जुनं छपाईयंत्र उभं असायचं, आणि त्यावर पोटासाठी लग्नपत्रिका आणि तत्त्वासाठी पत्रकं निघायची. तत्त्वाचं काम नेहमीच जास्त असायचं. आईनं एखाद्या चतुर्थीला उपास धरला तर आप्पा तिला एक शब्द बोलायचे नाहीत. संध्याकाळी तिच्या ताटाखाली पत्रक सापडायचं, ‘उपवासामागचे अर्थकारण’. आई ते ओढून काढायची, उभ्या उभ्या वाचायची, आणि छापील बाजू वर करून त्यावर नाचणीचे पापड वाळत घालायची. शाई पुरती वाळलेली नसायची. पापडांवर उलटी अक्षरं उमटायची. मी ‘शोषण’ हा शब्द तळून खाल्लेला आहे. चव वाईट नव्हती.

आप्पा माझे वडील, पण ते वडिलांसारखे कमी आणि अग्रलेखासारखे जास्त बोलायचे. भातात मीठ कमी पडलं तर ‘मिठाच्या बाबतीत या घरात सातत्याने उदासीनता दिसते’ असं म्हणायचे. आई म्हणायची, “मग घ्या की वरनं.” तिचं सगळं राजकारण या चार शब्दांत बसत असे. पडवीतून यंत्राचा खटक-धप्प, खटक-धप्प आवाज यायचा, स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा त्याहून मऊ आवाज यायचा, आणि दोन्ही एका लयीत आले की मला झोप लागायची. खिळे धुवायच्या रॉकेलचा वास आमच्या उशांना होता, आमटीला होता, आणि पावसाळ्यात आई खेकड्याचं कालवण करायची त्यालाही होता. खिळे म्हणजे शिशाची एकेक अक्षरं. ती उलटी असतात. मी वाचायला त्यांच्यावरच शिकले, त्यामुळे शाळेत गेल्यावर बाईंच्या फळ्यावरची सरळ अक्षरं बरेच दिवस मला चुकीची वाटत होती. माझं नाव समता. त्यावरही घरात पत्रक निघालेलं होतं, बारशाच्या दिवशी. गावानं ते वाचलं, घुगऱ्या खाल्ल्या आणि मला समी म्हणायला सुरुवात केली.

आता मी पिरंगुटला एका खोलीत राहते. खाली कंपनीच्या पाळीच्या बस थांबतात. मी लेख लिहिते आणि लोक ते मोबाइलवर वाचतात. त्यावर पापड वाळत घालता येत नाहीत, एवढा एकच तोटा मला अजून जाणवतो. पण आजही कुणी ‘आमच्या डेटानुसार’ म्हणून बोलायला लागलं, की माझं लक्ष आधी त्याच्या पायांकडे जातं. ते कशामुळे, ते सांगण्यासाठी हे प्रकरण.

मी पौडला बारावीत होते तेव्हा आमच्याकडे कुत्री फार झाली होती. लवासाकडे जाणारे पर्यटक गाडीच्या खिडकीतून बिस्किटं टाकायचे. त्यामुळे सगळ्या पंचक्रोशीतली कुत्री शनिवार-रविवार रस्त्यावर मुक्कामाला यायची आणि सोमवारी भुकेली, चिडलेली गावात परतायची. त्यातलं एखादं पिसाळायचं. शेजारच्या गावात एक माणूस रेबीजनं गेला होता. शेवटी पाणी नुसतं दिसलं तरी त्याचं कसं व्हायचं याची वर्णनं आमच्याकडे लहान मुलांना झोपवायला वापरत. अशा वेळी पुण्यातली एक संशोधन संस्था गावात आली. माणसांना रेबीजपासून वाचवायचं असेल तर कुत्र्यांना लस द्या, पुरेशा कुत्र्यांना दिली की रोगच थांबतो, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणणं बरोबर होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात लसीचा काहीही दोष नव्हता.

त्यांच्यातर्फे किरण नावाचा एक हसरा, पाठीवर सॅक लावलेला मुलगा गावात यायचा. लसीच्या आधी त्याला माणसांचं सर्वेक्षण करायचं होतं. तो आमच्या ओट्यावर बसला आणि हातातल्या टॅबवर बोट ठेवून त्यानं आईला विचारलं, “काकू, गावातल्या कुत्र्यांबद्दल तुम्ही किती समाधानी आहात? अतिशय समाधानी, समाधानी, तटस्थ, असमाधानी की अतिशय असमाधानी?”

“कंच्या कुत्र्याबद्दल इचारतोस?”

“एकंदरीत.”

“एकंदरीत कुत्रं कुटं असतं बाबा? पाटलाचं तांबडं बरं हाय. शाळंम्होरलं चावरं हाय. त्या दोगांचं मिळून काय सांगू?”

किरणनं जरा विचार केला आणि ‘तटस्थ’वर बोट दाबलं. आई आयुष्यात कशाहीबाबत तटस्थ नव्हती, पण संशोधनात ती आजही तटस्थ आहे.

आप्पांना मात्र किरणच्या रूपानं साक्षात चळवळ भेटल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं ते गावाला सांगत होते की अंगारे-धुपारे सोडा, विज्ञान धरा. आता विज्ञान स्वतः मोटरसायकलवर बसून आलं होतं आणि चहात साखर कमी घेत होतं. त्यांनी लगेच पत्रक छापलं. कुत्रं चावलं तर जखम साबणानं आणि वाहत्या पाण्यानं भरपूर धुवा, हळद-चुना भरू नका, ताबडतोब दवाखान्यात जा. इतकं सरळ पत्रक त्यांनी पूर्वी कधी काढलं नव्हतं. खाली चौकटीत एक ओळ होती: ‘गळ्यात पिवळा पट्टा असलेल्या कुत्र्याची भीती बाळगण्याचे कारण नाही.’ कारण लस टोचलेल्या प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात संस्था पिवळा पट्टा घालणार होती. कुठल्याही डॉक्टरनं ती ओळ तशी लिहिली नसती. पण आप्पांना चौकट रिकामी ठेवायला आवडत नसे.

शिबिराच्या दिवशी देवळासमोर जत्रा भरली. जाळी घेतलेली माणसं कुत्र्यांमागे आणि पोरं त्या माणसांमागे. एका कुत्र्याला सुई टोचायला जेवढी माणसं लागत, तेवढी आमच्याकडे तिरडीला खांदा द्यायला लागत नाहीत. पण संध्याकाळपर्यंत गावातली बहुतेक कुत्री टोचून, पट्टा घालून मोकळी झाली. पट्टे सुंदर होते. पिवळेधमक, मध्ये चकाकणारी रेघ, मोटारीचा उजेड पडला की लखलखायची. कुत्री पट्टे घालून अशी चालायला लागली जणू पंचायत समितीवर निवडून आलीत. लोक आपापल्या कुत्र्याला नीट हाका मारायला लागले. ज्याला कुणी वाली नव्हता अशा कुत्र्यालाही पट्टा पाहून दोघा-तिघांनी आपलं म्हटलं.

आणि मग बबनमामा आले. बबन ढेबे आमच्या वरच्या डोंगरावर धनगरवस्तीत राहायचे, शेळ्या-मेंढ्या राखायचे. माझे सख्खे मामा नव्हेत, पण आई त्यांना राखी बांधायची. शिबिराच्या वेळी वस्तीवरची सगळी माणसं आणि कुत्री कळपाबरोबर पलीकडच्या अंगाला चरायला गेली होती. परत येऊन बघतात तर खाली गावात कुत्र्यांचं लग्न लागल्यासारखं पिवळं. मामांच्या कुत्र्याचं नाव मंत्री. दिवसभर झोपायचा आणि नवीन माणूस दिसला की धावून यायचा, म्हणून मंत्री.

“आप्पा, एक सांगा,” मामा ओट्यावर टेकत म्हणाले, “आमची कुत्री काय परमुलखातली हायेत का?”

“काय झालं?”

“गावातल्या लंगड्या-लुळ्या कुत्र्याला पट्टा, आन् आमच्या मंत्र्याचं नरडं मोकळं. लोकं म्हणत्यात, बिनपट्ट्याची कुत्री गाडीत घालून न्हेनार. रानात वाघरू आलं तर कळप राखायला मी भुकू का आता?”

आई आतून म्हणाली, “तुमी भुकलात तरी मेंढरं ऐकायची न्हाईत.”

पण आप्पांचे डोळे चमकायला लागले होते. अन्याय दिसला की त्यांना भूक लागल्यासारखं व्हायचं. दुपारी यंत्र सुरू झालं. ‘पट्ट्यांमध्येही उच्चनीच?’ हे पत्रक मी स्वतः सायकलवरून वाटलं, आणि खरं सांगायचं तर ते फार जोरदार होतं. हजारो वर्षांच्या वंचनेपासून सुरुवात करून ते चौथ्या परिच्छेदात मंत्र्यापर्यंत पोचत होतं. त्यात पट्टा हा शब्द जागोजागी होता. लस हा शब्द कुठेच नव्हता. त्या वेळी हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण लस ही कुणाला दिसत नव्हती आणि पट्टा उन्हात चमकत होता.

ग्रामसभा भरली. सरपंचबाई खुर्चीवर बसल्या आणि त्यांचे मालक बोलायला उभे राहिले. आमच्याकडे अशीच पद्धत आहे, बाईंना मान मिळतो आणि मालकांना माइक. किरण एका कोपऱ्यात सॅक मांडीवर घेऊन बसला होता. त्यानं अडखळत सांगितलं की वस्तीपर्यंत गाडी जात नाही, लस बर्फाच्या डब्यातून न्यावी लागते, डबा घेऊन डोंगर चढायला माणूस नेमलेला नाही, पण तो संस्थेतल्या मॅडमना विचारून काहीतरी व्यवस्था करील.

“आरं, ती डब्याची भानगड मागनं बघू,” सरपंचबाईंचे मालक म्हणाले. त्यांना एकाच्या साखरपुड्याला जायचं होतं. “त्यांचं म्हननं पट्ट्याचं हाय. पट्टे शिल्लक हायेत का?”

“आहेत, सर. पण पट्टा ही लस घेतल्याची खूण आहे. लस न देता...”

तेव्हा आप्पा उठले. त्यांचा तो आवाज मला अजून ऐकू येतो, यंत्राच्या धप्पसारखा प्रत्येक शब्द खाली पडत होता. “ज्यांच्या वाट्याला लस आली नाही, त्यांना लसीच्या खुणेपासूनही वंचित ठेवायचं. मित्रहो, यालाच व्यवस्था म्हणतात.”

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. बबनमामांनी तर पागोटं सरळ केलं. किरण बाहेर जाऊन मॅडमशी फोनवर बोलला आणि आत येऊन म्हणाला, मॅडमचं म्हणणं आहे की लोकसहभाग महत्त्वाचा, समाजाला दुखवू नका. ठराव झाला: धनगरवस्तीवरील सर्व कुत्र्यांना पट्टे तातडीने, लस यथावकाश. दुसऱ्या दिवशी किरण पट्ट्यांची पिशवी घेऊन डोंगर चढला. पिशवी हलकी होती, तिला बर्फ लागत नव्हता. समतेचा एक लढा आम्ही जिंकला होता आणि आईनं त्या दिवशी गूळ घालून तांदळाची खीर केली.

पुढच्या आठवड्यात संस्थेची मोजणी झाली. किती कुत्र्यांना लस मिळाली हे कसं मोजायचं, याची त्यांची शास्त्रशुद्ध पद्धत होती. सकाळी कुत्री बाहेर पडायच्या वेळेला मोटरसायकलवरून गावातून, वस्तीखालून फिरायचं आणि पट्टा असलेली, पट्टा नसलेली अशी कुत्री नोंदवत जायची. सगळीकडे पिवळंच पिवळं. संस्थेच्या नकाशावर आमचं गाव आणि धनगरवस्ती हिरवी झाली. हिरव्या भागात पुन्हा लस पाठवायची गरज नसते. त्यामुळे यथावकाश कधी उगवलाच नाही. आप्पांना मात्र पुण्याहून एक प्रमाणपत्र आलं, जनजागृतीबद्दल, मॅडमच्या सहीचं. त्यांनी आयुष्यभर सत्कार नाकारले होते. हे त्यांनी भिंतीवर लावलं, विज्ञानाचं आहे म्हणून.

पावसाळा सरत आला होता. जमिनीच्या दलालांपासून सावध राहा, असं एक पत्रक घेऊन आप्पा वस्तीवर गेले. वाऱ्यानं गठ्ठ्यातला एक कागद फडफडला आणि मंत्री झोपेतून उठून सरळ त्यांच्या पोटरीला चावला. बबनमामांनी दगड मारून सोडवलं. आप्पा खाली आले, आणि आईनं विचारायच्या आत मोरीवर बसून साबणानं, वाहत्या पाण्यानं पाय धूत राहिले, स्वतःच्या पत्रकात लिहिलं होतं तसंच. हळद नाही, चुना नाही. मग टॉवेलनं पाय कोरडा केला आणि जेवायला बसले.

“दवाखान्यात?” आई म्हणाली.

“गरज नाही. पट्ट्याचं कुत्रं होतं.”

“पट्ट्याचं असू दे. दंडात सुई घ्यायला काय जातंय? आता पयल्यासारखी पोटात देत न्हाईत.”

“प्रश्न सुईचा नाही,” आप्पा म्हणाले. “पट्टा आहे म्हणजे भीती नाही, हे मी छापलंय. घरोघर वाटलंय. उद्या मीच सुई घ्यायला गेलो तर गाव म्हणेल, आप्पाचाच लसीवर विश्वास नाही. पुढच्या वर्षी एक माणूस कुत्रं घेऊन येणार नाही. मग जो रोग थांबवायचा तो थांबणार कसा?”

याला उत्तर देणं अवघड होतं, कारण यात खोटं काहीच नव्हतं. आप्पा भीतीपोटी दवाखाना टाळत असते तर आम्ही त्यांना ओढून नेलं असतं. ते तत्त्वापोटी टाळत होते, आणि तत्त्वाला ओढायला दोरी कुठे बांधायची हे आम्हाला माहीत नव्हतं. मी म्हटलं, वस्तीवर लस दिलीच नसेल तर? त्यांनी ग्रामसभेच्या ठरावाचा दाखला दिला. ठरावात लस आहे, म्हणजे दिली असणार. मी हट्ट धरला तेव्हा त्यांनी किरणला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“नाही नाही सर, काळजी करू नका,” किरण म्हणाला. तो आता दुसऱ्या तालुक्यात होता, मागे कुत्री भुंकत होती. “आमच्या डेटानुसार ती वस्ती पूर्ण कव्हर झालेली आहे. नकाशावर हिरवी आहे. पण चावलंय तर सर तुम्ही डॉक्टरांना...”

आप्पांनी फोन ठेवला होता. त्यांना हवं ते आधीच मिळालं होतं.  पट्टे त्यांनी मिळवून दिले होते, पट्टे मोजून नकाशा हिरवा झाला होता, आणि आता तो हिरवा नकाशा त्यांना सांगत होता की तुम्ही सुरक्षित आहात. माणूस स्वतःच्याच पत्रकाला फोन करून खातरजमा करत होता.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेज बुडवून डोंगर चढले. बबनमामा शेळ्यांसाठी पाला तोडत होते.

“मामा, मंत्र्याला सुई कधी दिली?”

“कसली सुई?”

“लसीची. पट्ट्याबरोबर.”

“छ्या. त्यो सॅकवाला आला, पट्टं घालून गेला. सुई मारली असती तर मंत्र्यानं त्याला सोडला असता व्हय? माझ्या ध्येनात ऱ्हायलं असतं.”

“आणि मंत्री कुठाय?”

मामांनी कोयता खाली ठेवला. “तेच म्हनतुया. आप्पास्नी चावल्यापासनं हितं आलाच न्हाई. मागं कोल्ह्यासंगं झोंबला हुता, कान फाटून आला. तवापासनं जरा येगळंच वागनं हुतं त्याचं. म्या म्हनलं, पट्टा हाय नव्हं, हुईल बरा.” मग माझ्या चेहऱ्याकडे बघून ते म्हणाले, “समे, आप्पांनी सुई घेतली न्हाई व्हय गं?”

मी कशी खाली आले ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं की रेबीजची लक्षणं दिसायला लागली की उपाय संपतो, हे आमच्याच पडवीत, ठळक टायपात, मी स्वतः खिळे लावून जुळवलं होतं. आप्पा पत्रिका पोचवायला पिरंगुटला गेले होते. आई तांदूळ निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, आले की दोघी मिळून त्यांना सांगू.

आईनं सूप खाली ठेवलं. “तोंडानं सांगून त्येंना आजवर काय पटलंय? लगीन करती का, हे सुदिक त्येंनी मला कागद देऊन इचारलं हुतं. छाप.”

“काय?”

“पत्रक. त्येंच्यावर. आन् सोपं लिव्हू नको. सोपं लिव्हलं तर त्येंना खरं वाटायचं न्हाई.”

त्या दुपारी मी माझं पहिलं पत्रक जुळवलं. शीर्षक आप्पांच्याच धाटणीचं: ‘पट्टा म्हणजे लस? एका समजुतीची चिकित्सा’. मुद्दे थोडकेच होते. पट्टे ठरावानं आले, लस आली नाही. पट्टे दिसले म्हणून लस पाठवली गेली नाही. जी लस दिलीच नाही तिच्या भरवशावर एक माणूस पायाला जखम घेऊन घरी बसलाय. हा विज्ञानावरचा विश्वास नाही, पिवळ्या रंगावरचा आहे. अंगाऱ्याचा रंग वेगळा असतो एवढाच फरक. शेवटी मागणी: संबंधितांनी आजच पौडच्या सरकारी दवाखान्यात जावं. आई पाठीमागे उभी राहून वाचत होती. तिनं एक ओळ वाढवायला लावली, ‘अन्यथा या घरात चूल पेटणार नाही.’ आप्पांनी बरेच संप घडवून आणले होते. त्यांच्याविरुद्धचा हा पहिलाच.

एकाच माणसासाठी एकच प्रत काढायची कल्पना मला सुचली नाही. आमच्या घरात तसं कधी झालं नव्हतं. मी गठ्ठाच काढला. एक प्रत ताटाखाली ठेवली, आणि उरलेला गठ्ठा आईनं न विचारता उचलून किराणा दुकानात नेऊन ठेवला.

आप्पा आले, हातपाय धुतले, ताटावर बसले. ताट रिकामं होतं. त्यांनी ते उचललं, कागद घेतला, चष्मा लावला. वाचताना त्यांचे ओठ हलत होते, मुद्रितं तपासताना हलायचे तसे. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. मी भिंतीला टेकून उभी होते. माझे हात शाईनं काळे होते.

“याला आधार काय?” त्यांनी विचारलं.

“बबनमामा. सुई दिलेली नाही असं ते म्हणतात.”

“एकाच माणसाच्या सांगण्यावर पत्रक काढायचं नसतं. दुसरा आधार?”

“मंत्री. तो बेपत्ता आहे. चावण्याआधी कोल्ह्याशी भांडला होता.”

आप्पांनी कागद पुन्हा डोळ्यांजवळ धरला. त्यांचा फोन वाजला. सरपंचबाईंचे मालक होते, दुकानातून बोलत असावेत. “आप्पा, पोरगी तुमच्यावर पत्रक काढती?” एवढं मोठ्यानं की आम्हालाही ऐकू आलं. आप्पा म्हणाले, “मुद्दे वाचा. व्यक्तीकडे बघू नका.” आणि फोन बंद केला. मग कागदाची घडी घालून खिशात ठेवली, प्रमाणपत्राच्या भिंतीला हात टेकत उठले, आणि पहिल्यांदाच मला दिसलं की त्यांची ती पोटरी दुखत होती.

“छपाई फिकट आलीय,” ते म्हणाले. “यंत्रावर जोर कमी पडतो तुझा. पौडची बस कितीला आहे?”

दवाखान्यात रांग होती. हंगामी ताप, पोटदुखी, एक विंचू, आणि आमच्या गावातली निम्मी ओळखीची तोंडं. किराणा दुकानातला गठ्ठा आमच्याआधी पोचला असावा, कारण आम्हाला बघून लोक एकदम हवापाण्यावर बोलायला लागले. आप्पा रांगेत ताठ उभे होते, मोर्चात उभे राहायचे तसे. त्यांचा नंबर आला. सिस्टर समोरच्या कागदावर खुणा करत होत्या, मान वर न करता विचारत होत्या.

“कुत्रं पाळलेलं का भटकं?”

“पाळलेलं.”

“आता कुटं हाय? जिवंत हाय का?”

“माहीत नाही.”

“लस दिलेली हुती त्याला?”

मागून कुणीतरी म्हणालं, “आवो सिस्टर, आप्पांचं पट्टेवालं कुत्रं हाय. पट्टेवाल्याचं भ्या नसतं,” आणि रांगेत दबकं हसू फिरलं. ते वाक्य त्यानं आप्पांच्याच पत्रकातून पाठ केलं होतं. आप्पा वळले. मला वाटलं आता ते व्यवस्थेवर बोलतील, संस्थेवर, नकाशावर, किरणवर. बोलले असते तर कुणी त्यांना खोडलंही नसतं, कारण दोष देण्यासारखं तिथे भरपूर होतं. पण ते पुन्हा सिस्टरकडे वळले.

“नाही,” ते म्हणाले. सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं. “लस दिलेली नव्हती.”

सिस्टरनी आता मान वर केली. “मग पट्टा कसा आला?”

“पट्टा मी मिळवून दिला. ग्रामसभेत, लढून. आमच्या वरच्या वस्तीवर सगळ्या कुत्र्यांना असेच पट्टे आहेत, सुई एकालाही नाही. हे लिहून घ्या.”

सिस्टरनी कागद उलटसुलट करून बघितला.

“त्याला हितं रकाना न्हाई, आप्पा,” त्या म्हणाल्या. “बाही वर करा. मागं लोकं उभी हायेत.”